बाईंचा फोटो चुकीच्या पाण्यात

शाळेचं पत्र आलं त्या सकाळी आप्पा फ्रिजमधून अंडं काढायला गेले आणि हाताला फिल्मची डबी लागली. एवढंच झालं. पण पुढचे तेवीस दिवस त्या घरात जे काही घडलं ते या एवढ्यावरूनच घडलं, म्हणून तिथूनच सांगायला हवं.

फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी बारा खळगे होते. त्यातले पाच अकरा वर्षांपासून आप्पांच्या ताब्यात होते. त्या पाच डब्यांत स्लाइडची फिल्म होती. चांगल्यातली, जपून ठेवलेली, आणि मुदत संपून नऊ वर्षं झालेली. साध्या फिल्मवर आधी उलटे रंग येतात आणि मग तिच्यावरून कागदावर फोटो निघतो. स्लाइडच्या फिल्मवर मात्र समोर जे आहे ते जसंच्या तसं उमटतं. ती उजेडात धरून बघायची. तिला धुवायचं रसायनाचं पाणी वेगळं, त्या पाण्याच्या पुड्या वेगळ्या. त्या पुड्या बाजारातून नाहीशा झाल्या, आणि तेव्हापासून आप्पांच्या पाच फिल्म अंड्यांच्या शेजारी थंडगार, निरुपद्रवी, निवृत्त आयुष्य जगत होत्या. आप्पांसारखंच, असं बाईंचं म्हणणं होतं.

बाई म्हणजे आप्पांची बायको. एकोणीस वर्षं मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात आप्पाही बाईच म्हणत. तोंडाने ते ‘अगं’ म्हणत, पण त्या ‘अगं’मध्ये हात वर करून परवानगी मागितल्याचा सूर असे.

पत्र बाईंना आलं होतं. शाळेच्या कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर माजी मुख्याध्यापिकांचे फोटो ओळीने लावलेले होते, त्या ओळीत आता बाईंचा फोटो लागायचा होता. फोटो वीस तारखेच्या आत पोहोचवायचा, पंचवीसला समारंभ. खाली सहा नियम होते: आकार इतका, प्रती तीन, पार्श्वभूमी साधी, वगैरे. आप्पांनी ते मोठ्याने वाचलं, घडी मोडून सपाट केलं आणि जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली सरकवलं. महत्त्वाचे कागद तिथे जात. कोपऱ्यावर नेहमीसारखी बाईंची गोळ्यांची डबी आली.

“स्टुडिओत जाऊन काढून घेते,” बाई म्हणाल्या.

आता इथे आप्पांनी गप्प बसायला हवं होतं. ते जन्मभर गप्प बसलेले होते. पस्तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केलेला माणूस, गप्प बसणं हाच त्यांचा व्यवसाय. पण हातात फिल्मची डबी होती.

“मी काढू?” ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या मुलीने पाच वर्षांत एकदाही हात वर केला नाही तिने अचानक केल्यावर बघावं, तसं.

याला इतिहास होता. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, कॅमेरा घरात येऊन बत्तीस, आणि या बत्तीस वर्षांत आप्पांनी काढलेल्या एकाही फोटोत बाईंचे डोळे उघडे नव्हते. डोंगरावर मिटलेले, समुद्रावर मिटलेले, भाचीच्या लग्नात एक अर्धा उघडा, पण त्यामुळे तो फोटो सगळ्यांत वाईट दिसत होता. एकदा डोळे उघडे असावेत, पण बाई झाडामागे होत्या. असे सहा अल्बम. आप्पांनी त्या सगळ्यांना नंबर दिले होते आणि विषयवार सूची केली होती, पण सूचीने डोळे उघडत नाहीत. भिंतीवर लागलेला फोटो तर पुन्हा कुणी उतरवत नाही. शाळा राहील तोवर बाई तिथे राहणार, आणि त्या झोपलेल्या राहू नयेत, एवढी एकच गोष्ट आप्पांना या जन्मात नीट करून दाखवायची होती. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित कुणीतरी थांबवलं असतं.

“काढा,” बाई म्हणाल्या. “पण एकदाच बसेन. दुसऱ्यांदा बसणार नाही. आणि त्या अंड्यांतल्या फिल्म संपवा एकदाच्या.”

त्या शेवटच्या वाक्याने घात केला. साधी फिल्म आणली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण आप्पांनी एका जुन्या छायाचित्रणाच्या मासिकात वाचलं होतं की स्लाइडची फिल्म मुद्दाम साध्या फिल्मच्या पाण्यात धुतली तर रंग भडकतात, सावल्या गडद होतात आणि चेहरे दगडात कोरल्यासारखे उठून दिसतात. लेखाखाली एका म्हातारीचा फोटो होता. म्हातारी अशी दिसत होती की तिच्यापुढे कुणी खोटं बोलू शकणार नाही. आप्पांना ती बघताक्षणी बाईंची आठवण झाली.

साध्या फिल्मचं पाणी गावात फक्त स्टुडिओवाल्यांकडे उरलं होतं. हे गृहस्थ कडक शिस्तीचे. काउंटरवर पाटी होती: ‘स्लाइडची फिल्म घेतली जाणार नाही. विचारू नये.’ आप्पांनी विचारलं नाही. ते पाटीसमोर वीस मिनिटं उभे राहिले.

“काय हवंय?” शेवटी स्टुडिओवाल्यांनीच विचारलं.

“ही फिल्म… चुकीच्या पाण्यात टाकून हवी होती.”

“चुकून?”

“नाही. मुद्दाम.”

स्टुडिओवाल्यांनी चष्मा काढून पुसला. “आप्पा, अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या चुका सुधारतोय. चूक करून द्या म्हणून पहिल्यांदाच कुणी आलं.” मग त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि सांगितलं तसं आप्पांनी लिहून दिलं: खाली सही करणार मी, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय, माझी फिल्म चुकीच्या पाण्यात धुण्यास संमती देत असून, चेहऱ्यांच्या रंगाबद्दल स्टुडिओ जबाबदार राहणार नाही. दोन प्रती. आप्पांना अक्षर सुंदर आल्याचा आनंद झाला.

पहिली फिल्म चाचणीची. बाईंना बसवायचं नव्हतं, म्हणून शेजारचे विमावाले आणि बाईंची धाकटी बहीण यांना गच्चीत उभं केलं. विमावाले आयुष्यभर विमा विकून निवृत्त झालेले. समोरच्याला बघताच त्याला पुढेमागे काय होऊ शकतं हे त्यांना दिसे आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मेहुणी आठवड्यातून तीनदा येई. बहिणीला भेटायला, असं म्हणे.

फोटो हातात पडले. विमावाले हिरवे होते. नुसते हिरवट नव्हेत, तर कच्च्या पेरूसारखे, आणि दात पिवळे, आणि मागचं आभाळ जांभळं.

मेहुणीने आपला फोटो उलटसुलट करून पाहिला. “भाऊजी, हा माझा चेहरा आहे की शेवाळ धरलेली टाकी?”

“फिल्मची मुदत संपलीय ना, त्यामुळे हिरवा जरा जास्त…”

“फिल्मची संपलीय. माझी संपलेली नाही अजून.”

विमावाले मात्र हसले नाहीत. ते फोटो घेऊन खिडकीशी गेले, मग आरशाशी गेले, मग जीभ बाहेर काढून पुन्हा खिडकीशी आले. “कॅमेरा खोटं बोलत नाही,” ते हळूच म्हणाले आणि फोटोसकट डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, विमावाल्यांना पाहिलं, आणि यकृताच्या चार तपासण्या लिहून दिल्या, बहुधा फोटोच्याच. चारही चांगल्या निघाल्या. विमावाले थोडे हिरमुसले, पण तोवर त्यांनी फोटोची एक प्रत दूर गावी असलेल्या मुलाला पाठवून दिली होती. दोन वर्षांत फोन न केलेला मुलगा आता सकाळ-संध्याकाळ फोन करू लागला. या वळणाकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही.

आप्पांचं लक्ष हिरव्याकडे होतं. म्हातारीसारखी कोरीव रेघ चेहऱ्यांवर खरोखर आली होती. अडचण फक्त रंगाची होती. आणि रंग म्हणजे शेवटी हिशेबच. पाणी जर चेहऱ्यात हिरवा घालत असेल, तर आपण आधीच हिरव्याच्या उलट्या रंगाची भर घालून ठेवावी, म्हणजे वजाबाकी होऊन बाई उरतील. हिरव्याच्या उलटा गुलाबी. ही कल्पना सुचल्यावर आप्पांना इतका आनंद झाला की त्या दिवशी त्यांनी दाढी दोनदा केली.

किती गुलाबी, हा प्रश्न होता. रंगाच्या दुकानातून ते भिंतींच्या रंगांची पट्टी घेऊन आले. त्यात एकशे वीस चौकोन, प्रत्येकाला नाव. सकाळी बाई पेपर वाचत बसल्या की आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसत आणि पट्टी बाईंच्या गालाशी धरून एकेक चौकोन ताडून बघत. कपाळ वेगळं, गाल वेगळा, हनुवटी वेगळी. सगळं वहीत.

“तुझा गाल ‘ओली वाळू’ आणि ‘भाजकं बिस्किट’ यांच्या मधे येतो,” ते एकदा म्हणाले.

“चाळीस वर्षांनी कळलं,” बाई पेपरमधून म्हणाल्या.

“नाकाच्या उजव्या बाजूला एक तीळ आहे. बारीक.”

“तो आधीपासून आहे.”

“हो का,” आप्पा म्हणाले आणि नोंद केली.

दुसरी फिल्म एका पांढऱ्या बशीवर आणि मेहुणीच्या हातावर खर्ची पडली (चेहरा द्यायला तिने साफ नकार दिला), आणि गुलाबीचं प्रमाण ठरलं. प्रमाण जरा जबर होतं. पण वही तसं सांगत होती, आणि वहीवर अविश्वास दाखवणं आप्पांच्या स्वभावात नव्हतं.

मधल्या काळात ते शाळेत जाऊन आले. नियम चार सांगत होता की फोटो मान्यताप्राप्त छायाचित्रकाराचा हवा, त्याबद्दल विचारायचं होतं. कार्यालयात हेडक्लार्क बसले होते. एकोणीस वर्षं बाईंच्या हाताखाली काम केलेला माणूस. बाईंचं नाव निघताच खुर्चीत सरळ झाला.

“फोटो कोण काढणार?”

“मी.”

“आपण मान्यताप्राप्त आहात?”

आप्पांनी विचार केला. “मी त्यांचा नवरा आहे.”

“ते झालंच. छायाचित्रकार म्हणून विचारतोय.”

बराच खल होऊन ठरलं की स्टुडिओचा शिक्का मागे असला की चालेल. आप्पा उठले, तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, “बाकी सगळं पत्रात आहे. पत्र नीट वाचलंत ना?”

जिन्यावरून उतरताना आप्पांचे कान गरम झाले होते. पस्तीस वर्षं. पस्तीस वर्षं त्यांनी नव्या उमेदवारांना शिकवलं होतं की पुस्तकाच्या दर्शनी पानावर विश्वास ठेवू नका, ते उलटा, खरी माहिती पाठीमागे असते. आणि त्यांना विचारतायत, वाचलंत का. त्या रागात त्यांनी भिंतीवरची ओळ पाहिली. सात बाया. सगळ्या काळ्या-पांढऱ्या, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर शेजारच्या वर्गात आत्ताच काहीतरी फुटल्याचा भाव. बिचाऱ्या, आप्पांना वाटलं, त्यांच्या काळी रंगीत नव्हतं. आमच्या बाई या भिंतीवरच्या पहिल्या रंगीत बाई होतील. घरी येईपर्यंत राग गेला होता.

रविवारी सकाळी अकराला बैठक ठरली. मागच्या खोलीत खिडकीला आप्पांनी गुलाबी जिलेटीनचा कागद चिकटवला. मागे गुलाबी चादर. आता उरली गालाची लाली. ती आणायला ते स्वतः गेले होते, आणि दुकानातल्या बाईंनी विचारलं होतं, “कुणासाठी?” “बायकोसाठी.” “कार्यक्रम काय आहे?” “भिंतीवर लावायचंय,” आप्पा म्हणाले होते. दुकानातल्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही. डबी कागदात गुंडाळून दिली आणि आप्पा वळेपर्यंत बघत राहिल्या.

लाली लावायचं काम मेहुणीकडे. बाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. “एकोणीस वर्षं मी मुलींना सांगितलं, चेहऱ्याला रंग फासून शाळेत यायचं नाही.”

“ताई, तू शाळेत जात नाहीयेस. तुझा फोटो जातोय. हलू नकोस.”

“अजून,” आप्पा वहीत बघून म्हणाले.

“भाऊजी, अजून लावली तर हिला लोक टोमॅटो समजतील.”

“पाण्यात उतरेल. अजून.”

विमावाले पांढरी चादर दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर उभे होते. उजेड परतवण्याचं काम त्यांनी आपणहून मागून घेतलं होतं. “स्टूल भिंतीपासून लांब घ्या,” ते म्हणाले. “फोटो काढताना मागे पडून माकडहाड मोडलेले तीन जण माझ्या माहितीत आहेत.”

“डोळे बघा हं,” आप्पा म्हणाले. “एक, दोन, तीन.”

बाईंचे डोळे तीनला मिटले. आप्पांना हे ठाऊक होतं. बत्तीस वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं होतं की बाई नेमक्या तीनला मिटतात. म्हणून पुढच्या वेळी त्यांनी दोनलाच बटण दाबलं. त्यापुढच्या वेळी बाईही दोनला मिटू लागल्या. मग न मोजता दाबलं, तर बाई म्हणाल्या, “मोजा ना, मला कळत नाही कधी ते,” आणि तेवढ्यात मिटले. एकेक करत पस्तीस फोटो झाले. डोळे मिटलेले एकतीस. उरलेल्या चारांत नापास मुलीच्या पालकांना बोलावून घेतल्याचा भाव. एकच फोटो शिल्लक होता.

आणि त्या क्षणी खिडकीचा गुलाबी कागद एका कोपऱ्यातून सुटला. वाऱ्याने तो आत आला, फडफडला आणि विमावाल्यांच्या तोंडावर जाऊन बसला. त्यांचे दोन्ही हात चादरीत गुंतलेले. कागदाआड श्वास आतबाहेर होऊ लागला, कागद तसा फुगू आणि बसू लागला, आणि आतून अगदी शांत, काळजीचा आवाज आला, “आप्पा, आता मी कुठल्या रंगाचा आहे?”

बाई हसल्या. आधी खांदे हलले, मग हात तोंडावर जायला निघाला आणि वाटेतच राहिला. दचकून आप्पांचं बोट बटणावर पडलं. फिल्म संपली.

आप्पांनी वहीत लिहिलं: ‘क्रमांक ३६. कागद नव्हता, चुकून. वाया.’

फिल्म देताना ते स्टुडिओवाल्यांना म्हणाले, “तेच पाणी. चुकीचंच. कागद लिहून देऊ?”

“कुणाचा फोटो आहे यात?” स्टुडिओवाल्यांनी विचारलं.

“बाईंचा. शाळेत लागायचाय.”

“असं,” स्टुडिओवाले म्हणाले. त्यांनी कागद मागितला नाही. आप्पांना वाटलं, आपली पत वाढली.

सतरा तारखेला त्यांनी निरोप पाठवून आप्पांना बोलावून घेतलं. आप्पा गेले तर स्टुडिओवाले इस्त्रीचा शर्ट घालून काउंटरच्या पुढे येऊन उभे होते. डोळे तांबारलेले, बोटांना कसला तरी उग्र वास.

“बसा,” ते म्हणाले. “आप्पा, रागावू नका. माझी बायको बाईंच्या हाताखालून गेली. दोन्ही मुली गेल्या. धाकटीला गणित बाईंनी स्वतः घरी बसवून शिकवलं. आणि त्यांच्या फोटोत मी जाणूनबुजून चूक करू? माझ्याकडे स्लाइडच्या पाण्याची शेवटची एक पुडी होती. आठ वर्षं फोडली नव्हती. फोडली. दोन दिवस पाणी एकाच उबेवर धरून बसलो. बघा.” आणि त्यांनी काचेखालचा दिवा लावला.

काचेवर फिल्मची पट्टी होती. बरोबर पाण्यात, बरोबर धुतलेली. तिच्यावर जे होतं ते जसंच्या तसं उमटलं होतं.

बाई गुलाबी होत्या. गाल गुलाबी, कान गुलाबी, केसांच्या पांढऱ्या बटा गुलाबी, मागची चादर गुलाबी. साबणाच्या वडीतून बाई कोरून काढली असती तर अशी दिसली असती. पस्तीस वेळा.

“रंग फार छान उतरलेत,” स्टुडिओवाले जपून म्हणाले. “फक्त… बाईंची तब्येत बरी आहे ना?”

आप्पांना ओरडावंसं वाटलं. पण शेवटची पुडी फोडलेल्या माणसावर ओरडायचं कसं, हे त्यांना कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं आठवेना. ते म्हणाले, “आभारी आहे,” पट्टी पाकिटात घातली आणि लांबच्या रस्त्याने घरी आले.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. आप्पांनी पाकीट पुढे ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं: वजाबाकी, पुडी, धाकटीचं गणित. शेवटी म्हणाले, “तीन दिवस उरलेत. तू दुसऱ्यांदा बसणार नाहीस हे ठाऊक आहे. भाचीच्या लग्नातला तो अर्ध्या डोळ्याचा आहे, तो मोठा करून…” त्यांनी पाकीट आणखी पुढे सरकवलं. “मला जमलं नाही गं.”

बाईंनी पट्टी उजेडात धरली. एकेक फोटो सावकाश बघितला, वह्या तपासाव्यात तसा. शेवटच्या फोटोपाशी थांबल्या. मग पट्टी खाली ठेवली, गोळ्यांची डबी बाजूला केली, काच उचलली, खालचं पत्र काढलं आणि आप्पांच्या हातात दिलं. डबीखालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं: ‘मागे पहा.’

आप्पांनी पत्र उलटलं.

‘नियम ७. भिंतीची एकसूत्रता राखण्यासाठी छायाचित्र कृष्णधवलच असावे.’

आप्पांनी पत्र पुन्हा सुलट केलं, पुन्हा उलटलं.

“तुला माहीत होतं?”

“पत्र मला आलं होतं,” बाई म्हणाल्या. “मी कागद दोन्ही बाजूंनी वाचते.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?”

बाई काच परत बसवू लागल्या. ती आधीच नीट बसली होती, तरी थोडा वेळ बसवत राहिल्या. “रोज सकाळी खुर्ची ओढून जवळ बसत होतात. चाळीस वर्षांत इतक्या जवळून तुम्ही फक्त पुस्तकं बघितलीत. तीळसुद्धा सापडला तुम्हाला. म्हटलं, चालू दे थोडे दिवस.”

आप्पांनी चष्मा काढून पुसला.

“तो शेवटचा घ्या,” बाई म्हणाल्या. “माझे डोळे उघडे आहेत त्यात.”

स्टुडिओवाल्यांनी छत्तीस नंबरवरून काळी-पांढरी प्रत काढली. रंग गेल्यावर लालीही गेली, टोमॅटोही गेला. उरल्या त्या हसणाऱ्या बाई, हात तोंडाकडे निघालेला, आणि नाकाच्या उजव्या बाजूला बारीक तीळ. तीन प्रती, मागे शिक्का. एकोणीस तारखेला आप्पा आणि बाई दोघं शाळेत गेले.

हेडक्लार्क उभे राहिले. त्यांनी आकार मोजला, शिक्का तपासला, प्रती मोजल्या. मग फोटोकडे बघून अडखळले. “बाई, बाकी सगळं बरोबर आहे. पण हा नियम आठ. ‘मुद्रा गंभीर असावी.’”

“हो,” बाई म्हणाल्या. “हे नियम कुणी केले होते?”

हेडक्लार्कनी मान खाली घातली. “आपणच, बाई. आधीच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा. मसुदा आपल्या अक्षरात आहे, फायलीत आहे.”

आप्पांनी झटकन बायकोकडे पाहिलं. बाई भिंतीवरच्या सात जणींकडे बघत होत्या.

“मी तो लिहिला तेव्हा मला कुणी इतकं हसवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “लावून टाका.”

फोटो लागला. समारंभाला विमावाले कडक कपड्यांत आले होते. भाषणं चालू असताना ते आप्पांच्या कानाशी लागले. “त्या फिल्म अजून दोन उरल्यात ना? माझा एक काढाल? त्याच, चुकीच्या पाण्यात. मुलगा आता आठवड्यातून एकदाच फोन करतो. जरा जास्त हिरवा निघाला तर बघा.” आप्पांनी फ्रिजमधले खळगे डोळ्यांपुढे आणले आणि हो म्हटलं.

तीन प्रतींपैकी दोन शाळेने ठेवल्या, तिसरी परत मिळाली. घरी आल्यावर सातव्या अल्बममध्ये ती लावायला आप्पा बसले. नंबर टाकायला पेन उचललं, आणि या वेळी, झालेल्या शहाणपणाला जागून, त्यांनी फोटो आधी उलटून पाहिला.

स्टुडिओच्या शिक्क्याखाली लाल शाईत, एकोणीस वर्षं ज्या अक्षराला सगळी शाळा घाबरत होती त्या अक्षरात, लिहिलं होतं: ‘उत्तर बरोबर. रीत चुकीची. दहापैकी सात.’

आप्पांनी ते तीनदा वाचलं. मग आतल्या खोलीकडे बघून विचारलं, “अगं, तीन कशाचे कापले?”

“बत्तीस वर्षं उशीर झाला त्याचे,” बाई आतून म्हणाल्या. “आणि अंडी आणा. खळगे रिकामे झालेत तीन.”